श्रीलंकेत गेलेल्या जवानांबद्दल संरक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय संरक्षण मंत्री महोदय,

सादर नमस्कार. मी इंदूरची, रामबागेत राहते. माझे बाबा आर्मी मेडिकल कोरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते आणि 1987 मध्ये भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले होते, तिथलं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातलं युद्ध थांबवायला. मागच्या आठवड्यात इथे माजी सैनिकांचा सत्कार झाला. आधीच्या कार्यक्रमात एका मोठ्या साहेबांनी माइकवरून शब्द दिला होता की पुढच्या वेळी श्रीलंकावाल्यांना पण स्टेजवर बोलवू, म्हणून बाबा मेडल लावून, इस्त्रीचा कोट घालून गेले. पासष्ट झालं, एकाहत्तर झालं, कारगिल झालं, शाल-श्रीफळ वाटून संपले, राष्ट्रगीत पण झालं. विचारलं तर आयोजकांपैकी एक जण म्हणतो, "वो लड़ाई थोड़ी थी अंकल, शांतिसेना थी."

तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, लढाई नव्हती तर आपले बाराशेच्या आसपास जवान कशाने गेले साहेब? श्रीलंकेच्या उत्तरेला तमिळांचं जाफना शहर, तिथल्या युनिव्हर्सिटीच्या मैदानात शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जण रात्री हेलिकॉप्टरने उतरवले आणि त्यातले एकोणतीस मारले गेले, ते काय होतं? आपल्या सागरला ज्या महार रेजिमेंटचं सेंटर आहे तिच्या मेजर परमेश्वरन यांना परमवीर चक्र मरणोत्तर कशासाठी दिलं? मेलेल्यांची नावं दिल्लीच्या युद्ध स्मारकावर आहेत, कोलंबोजवळ पण आहेत. जे जिवंत परत आले त्यांना इंदूरमध्ये खुर्ची आहे, नाव नाही.

पण माझं दुःख शालीचं नाही. बाबा गोळीबाराचं कधी बोलत नाहीत, बोलतात ते तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीच्या तंबूतल्या ओपीडीचं. ड्युटी संपली की हे दोघं-तिघं वस्तीत जायचे, पोरांच्या पायाच्या जखमा धुवायचे, म्हाताऱ्यांना ड्रेसिंग करून द्यायचे, मलेरियाच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावायचे. कुणाची ऑर्डर नव्हती. सुरुवातीला त्याच लोकांनी आपल्या सैन्याला हार घातले होते, आणि दोन-तीन महिन्यांत तीच माणसं आपली गाडी दिसली की दार लावून घ्यायला लागली.

का, ते मला माझ्या मुलीमुळे कळलं. बेंगळुरूला तिच्या ऑफिसात जाफन्याकडची एक मुलगी आहे, ती एकदा जेवताना म्हणाली की तुमच्या सैन्याने आमच्या हॉस्पिटलमध्ये माणसं मारली. 21 ऑक्टोबर 1987, ऐन दिवाळीत, जाफना हॉस्पिटल, डॉक्टर, नर्स, खाटेवरचे पेशंट, साठ-सत्तर माणसं. सेनेचं म्हणणं होतं की आतून गोळ्या येत होत्या. आल्या असतील. मी बाबांना विचारलं, ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, मी तिथे नव्हतो, पण झालंय ते. त्यांनी मान्य केलं, सरकारला इतक्या वर्षांत नीट बोलता आलं नाही. आणि सरकार हॉस्पिटलबद्दल तोंड मिटून बसलं म्हणून ओपीडीबद्दल पण कुणी बोलत नाही, एकाला झाकायला दुसरं पण पुरून टाकलं.

जपानात ओकिनावा बेटावर बघा. जपानची 0.6 टक्के जमीन आणि फक्त अमेरिकेच्या वापरात असलेल्या लष्करी तळांचा सत्तर टक्के भार. तिथले अमेरिकन सैनिक समुद्रकिनारे झाडतात, शाळेत इंग्रजी शिकवतात, त्यातले कितीतरी मनापासून करत असतील. पण 1995 मध्ये तिघांनी एका बारा वर्षांच्या पोरीवर बलात्कार केला, आणि त्याच 21 ऑक्टोबरला तिथे जवळजवळ पंच्याऐंशी हजार लोक रस्त्यावर आले. किनारा झाडून ती पोर कुणी विसरत नाही आणि का विसरावी. खटला चालला, शिक्षा झाली, निदान तेवढं तरी झालं. जाफन्याच्या बाबतीत कुणाला शिक्षा झाल्याचं मी कुठे वाचलं नाही.

दाराशी परकी पलटण बसली की कसं वाटतं हे आम्हा इंदूरवाल्यांना कुणी शिकवू नये. 1818 च्या होळकर-इंग्रजांच्या मंदसौरच्या तहानंतर जवळच महूला इंग्रजांनी छावणी टाकली, आणि 1 जुलै 1857 ला इथल्याच रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याच्या कोठीवर, बंडवाल्या सादत खानाच्या माणसांनी हल्ला केला. इंग्रजांनी कुणाला औषध दिलं असेल तर ते कुणाच्या घरात सांगितलं जातं?

आणि मार्च 1990 मध्ये आपली शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. ते त्यांचं राजकारण होतं, पण नंतर दिल्लीत किती सरकारं आली-गेली, सगळ्या रंगांची, सगळ्यांना रॅलीत जवान पाहिजे, पोस्टरवर जवान पाहिजे, जवानाचा अवघड प्रश्न कुणालाच नको. पाठवणाऱ्यांनी चूक केली ती पाठवलेल्यांच्या माथी मारली. पेन्शनच्या कागदापासून सत्काराच्या यादीपर्यंत सगळीकडे हेच, बाबूला विचारा तर वरून यादी आली, वर विचारा तर खालून नाव आलं नाही.

तर मागणं असं आहे. शांतिसेनेच्या मेडिकल युनिट्सनी तिथल्या सामान्य लोकांवर केलेल्या उपचारांची रजिस्टरं, रस्ते-पूल दुरुस्तीचे रिपोर्ट बाहेर काढा. त्याच्याच बरोबर 21 ऑक्टोबरची फाइल पण काढा, पूर्ण, आणि ती तमिळमध्ये पण छापा. आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या सत्काराच्या यादीत श्रीलंकेतल्या या मोहिमेचं 'ऑपरेशन पवन' हे नाव लेखी घालायचा आदेश काढा, खाली सही कोणाची आहे ते वाचता येईल असा.

आपली,
एका माजी सैनिकाची मुलगी, इंदूर