बोटीतल्या फळ्यांविषयी, आईचं पत्र

नाशिक,
श्रावण

चि. अनय,
अनेक आशीर्वाद.

तीन दिवस झाले, पाऊस उघडलेला नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय आणि गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलीय. नदी अशी चढली की मला १९६९ चा पूर आठवतो. या वेळी त्याच्याबरोबर तुझी बोटही डोळ्यांसमोर आली, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू "हो आई, करतो" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो.

त्या पुरात मी सात वर्षांची होते. भांडी बाजाराजवळच्या आमच्या वाड्यात रात्री पाणी शिरलं. आम्ही सगळे माडीवर गेलो. पाणी ओसरल्यावर मामा खाली उतरला तर माजघराचं दारच उघडेना. आतलं मोठं लाकडी कपाट तरंगत येऊन दाराला आडवं पडलं होतं. मामा खिडकीचे गज काढून आत शिरला. भिंतीतलं फडताळ मात्र जिथल्या तिथे होतं, वरच्या फळीवरच्या बरण्यांसकट. आजी म्हणाली, "जे बांधलेलं होतं ते राहिलं." माणसं माडीवर होती म्हणून निभावलं. कुणी माजघरात असतं तर त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती.

डिसेंबरात मी तुझ्या बोटीवर चार दिवस राहिले, तेव्हा हे बोलायचं राहून गेलं. गोव्यात मांडवी नदीतून एक मोठी बोट गेली, तिच्या लाटेनं आपण दोनदाच हललो. तेवढ्यात तुझं स्वयंपाकाचं कपाट इंचभर सरकलं, आणि शिडीमागचं इंजिनावरचं झाकण सुटून माझ्या पायाशी आलं. इंजिन चालू होतं, पट्टा फिरत होता. तू झाकण उचललंस, पुन्हा मॅग्नेटला चिकटवलंस आणि चहाला बसलास. मला तो चहा गेला नाही.

ओझरच्या विमान कारखान्यात माझी तीस वर्षं तपासणी विभागात गेली. विमानाच्या अंगावर ठिकठिकाणी अशीच झाकणं असतात. आतली नळी, तार, पंप बघायचा तर ती उघडावीच लागतात, आणि उघडलेलं प्रत्येक झाकण परत बंद झालं की नाही हे बघून शिक्का मारणं हे माझं काम होतं. त्यातून एक गोष्ट अंगात भिनलीय. झाकण माणसाच्या हातानं सहज उघडलं पाहिजे आणि आपणहून कधीही उघडता कामा नये. तुझ्या बोटीत निम्मी झाकणं आपणहून उघडतात आणि उरलेली निम्मी हातानं उघडत नाहीत.

मॅग्नेट आणि दाबून बसणाऱ्या क्लिपा काढून टाक. घरातल्या कपाटाचं वजन कायम खालीच असतं. बोट आडवी झाली की तेच वजन बाजूला ओढतं, उलटली तर वर, आणि लाटेवरून खाली आपटली तर क्षणभर कितीतरी पटींनी वाढतं. १९७९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडहून सुटणाऱ्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत ३०३ बोटी सुटल्या होत्या. वादळात १५ नाविक गेले. नंतरच्या चौकशीत दिसलं की कित्येक बोटींच्या केबिनमध्ये सामान सुटून माणसांवर आलं होतं आणि दाराच्या फळ्या निसटून पाणी आत गेलं होतं. सागरी शर्यतींच्या नियमांत आज बॅटरी, शेगडी, दाराच्या फळ्या पक्क्या बांधायला सांगतात. तू शर्यतीला जाणार नाहीस, मालवणापर्यंतच जाणार आहेस, हे मला माहीत आहे. समुद्र तोच आहे.

कपाट आधी कर. ते तुला काढता यायला हवं, कारण त्याच्यामागे पाण्याच्या नळ्या आहेत, हे मला पटलंय. बुडाशी दोन जाड खुंट्या ठेव, त्या जमिनीखालच्या आडव्या लाकडात भोकं पाडून बसतील अशा. मग कपाट वरून खाली उतरवायचं, म्हणजे ते पुढेमागे सरकणार नाही. वर दोन बोल्ट, आडव्या भिंतीतून आरपार, दोन्ही बाजूंना मोठे वायसर लावून. बोटीच्या फायबरच्या अंगात स्क्रू अजिबात मारू नकोस, पाण्याखाली तर नाहीच. ते अंग लाटेबरोबर वाकतं, आणि तिथे पडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. जिथे आधाराला भिंत नाही तिथे फायबर घासून लाकडी पट्टी ठेव, तिच्यावर एपॉक्सीत भिजवलेलं काचेचं कापड चढव आणि बोल्ट त्या पट्टीत घे. सगळं झाल्यावर कपाट भरून ठेव आणि अंगाचा सगळा भार टाकून ते ओढून बघ, चारी दिशांना. हललं तर अजून काम बाकी आहे असं समज.

पायाखालच्या फळ्यांना तू काहीच लावलेलं नाहीस. त्या नुसत्या ठेवलेल्या आहेत, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच आहे. आत पाणी आलं की आधी त्याच तरंगणार. तुला अंधारात पंपाची जाळी साफ करायची असेल आणि पायाखाली फळ्या फिरत असतील. प्रत्येक फळीला अर्ध्या अंगठीची उचलून फिरवायची कडी लाव. कडी फिरवली की खालची जीभ चौकटीत जाते. विमानावर पाव फेरा देऊन बसणारे स्क्रू असतात, तेही चालतील. बसवल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून फळीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढ. रेघ तुटलेली दिसली की कडी उघडी. आम्ही लांबूनच ओळखायचो.

बॅटरीचा भार तिच्यावरच्या फळीवर टाकू नकोस. तुझी मोठी बॅटरी पंचवीस किलोच्या आसपास असेल. तिला तिच्या स्वतःच्या खोक्यात, स्वतःच्या पट्ट्यानं बांध, आणि पट्टा आरपार बोल्टनं धर.

खणांना कुलूप नको. खणाच्या पुढच्या कडेला खाली एक खाच कापली की थोडं उचलल्याशिवाय तो सुटत नाही. जुन्या सुतारांची ही युक्ती आहे, तुझ्या आजोबांच्या टेबलाला होती.

आता उघडत नाहीत त्या फळ्या. सीकॉकवरची, म्हणजे बोटीच्या अंगातून समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या नळीच्या चावीवरची फळी तू चार स्क्रूंनी आवळलीस, आणि डिसेंबरात स्क्रूड्रायव्हर शोधायला आपल्याला दहा मिनिटं लागली. पाइप फुटला तर दहा मिनिटं नसतात. सीकॉक, बिल्जचा (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी काढायचा) पंप आणि इंजिनाची पाण्याची गाळणी ज्या फळ्यांमागे आहेत त्या अवजाराविना, एका हातानं, अंधारात उघडल्या पाहिजेत. डोळे बांधून उघडून बघ, खरंच सांगते. इंजिनाच्या झाकणाला एक छोटं भोकही ठेव, आगीच्या वेळी झाकण न काढता अग्निशामकाचं तोंड आत घालता येईल असं.

फळीची कड चौकटीला घासणार नाही अशी तीनेक मिलिमीटर फट ठेव. लाकूड पावसात फुगतं, म्हणून मापं आत्ताच घे, डिसेंबरात नको. कापलेल्या कडा उघड्या सोडू नकोस, एपॉक्सी पाज. नवीन प्लाय घेशील तेव्हा त्यावर आयएस ७१० लिहिलंय का ते बघ, मरीन प्लायचं ते मानक आहे. स्क्रू स्टीलचे घेतलेस तर ३१६ चे, खाऱ्या पाण्यात सहजी न गंजणाऱ्या जातीचे घे. आणि जो स्क्रू वर्षातून दहादा काढायचा तो प्लायमध्ये थेट मारायचा नाही, भोक चावून मोठं होतं आणि एक दिवस स्क्रू नुसताच हातात येतो. तिथे पितळी आटे, म्हणजे आतून आटे पाडलेल्या छोट्या नळ्या, बसव. प्रत्येक फळीच्या पाठीवर आकडा टाक आणि नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केलेला बाण काढ, म्हणजे घाईत उलटी बसणार नाही.

फळी बंद करण्याआधी हातातली अवजारं मोज. विसरलेला एक पाना पंपात गेला की पंप संपला. कारखान्यात प्रत्येक अवजाराची आकृती फळ्यावर रंगवलेली असायची, रिकामी आकृती दिसली की काम थांबायचं.

अडलास तर मांडवीतल्या दिवाडी बेटावर जाऊन ये. नौदलाचे दिलीप दोंदे ज्या म्हादेई नावाच्या शिडाच्या बोटीतून २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीला फेरी मारून आले, ती तिथेच बांधली गेली. तिथल्या जुन्या कारागिरांना हात जोडून विचार, शिकवतील.

पितळी आटे मी इथे करून घेते. सातपूरला एक खराद्या आहे, कारखान्यात असल्यापासून ओळखीचा. एम-६ चे, म्हणजे सहा मिलिमीटर बोल्टाचे, चालतील असं मला वाटतं. एकूण किती लागतील ते मोजून कळव, आणि मोजताना इंजिनाच्या झाकणाचे चार धरायला विसरू नकोस. गणपतीला येशील तेव्हा घेऊन जा.

बाबा बरे आहेत. तुझा फोन आला की आधी त्यांना देते, ते बोलून दाखवत नाहीत पण वाट बघतात.

तुझी,
आई