तुम्हाला न सांगता कोल्हापुरात येऊन गेले

पाचगणी,
श्रावणातला रविवार, दुपार

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनच केला असता, पण फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणून रिसीव्हर आईकडे देतात, आणि आईचा आवाज कापरा झाला की मला पुढचं काही सुचत नाही. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्यानं वाच. बाबांच्या चष्म्याचा नंबर अजून तपासून झालेला नसणार, मला माहीत आहे.

काकूंनी सांगितलं ते खरं आहे. मी कोल्हापुरात होते. दोन रात्री आणि अडीच दिवस. सुब्रोतो कप या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेची विभागीय फेरी होती, माझ्या संघातल्या सोळा मुली माझ्याबरोबर होत्या आणि उतरायची सोय एका शाळेच्या वर्गात होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलींना मिसळ खायला घेऊन निघाले, तेव्हा आपल्या गल्लीच्या तोंडावरून गेले. वरच्या खोलीत दिवा होता. आई, तुझी वाळत घातलेली हिरवी साडी गॅलरीत तशीच होती, पावसात. मी थांबले नाही.

कारण सांगते. नीट ऐका आणि मग रागवा. मी मॅचचं सांगितलं असतं तर बाबा आलेच असते. त्या मैदानाच्या पायऱ्या ओल्या होत्या, कठडा नाही. डॉक्टरांनी डाव्या गुडघ्याला जिना नको म्हणून सांगितलंय आणि बाबांनी वरच्या पायरीवर बसल्याशिवाय मॅच कधी बघितलेली नाही. तुम्ही पडला असता तर? आणि दुसरं कारण तितकंच खरं आहे. घरी पाऊल टाकलं असतं तर आईनं ताट वाढलं असतं, मी बसले असते, आणि तिकडे नववीतल्या सोळा पोरी अनोळखी वर्गात सतरंजीवर एकट्या. त्यांच्या आयांनी माझ्या भरवशावर त्यांना सोडलं होतं. तुम्ही पण मला असंच सोडलं होतंत, बाबा, सांगलीच्या शिबिराला. तेव्हा मॅडम आम्हाला सोडून कुठं गेल्या नव्हत्या.

तरीसुद्धा चुकलं. मॅच संपल्यावर निदान सांगायला हवं होतं. आईला दुसऱ्याच्या तोंडून कळावं ही गोष्ट मला रोज रात्री टोचते.

आता मॅच सांगते, कारण ती बाबांची आहे.

सेमीफायनल. पहिल्या अर्ध्यात आम्ही एक गोल खाल्ला, कॉर्नरवर, आमच्या बचावातल्या स्टॉपरनं समोरची मुलगी मोकळी सोडली. दुसऱ्या अर्ध्यात आमच्या छोट्या फॉरवर्डनं बरोबरी केली. पाय नाही लागला तिचा, गुडघा लागला, पण चेंडू आत गेला. मग पेनल्ट्यांचा टायब्रेकर. आमची गोली जतकडची आहे, अंगानं काटकुळी, जूनमध्ये आली तेव्हा चेंडू आला की डोळे मिटायची. तिला मी दोन महिने फक्त तुमचं वाक्य शिकवलं: चेंडूकडे बघू नको, मारणारीचा टेकलेला पाय बघ, तो जिकडे वळेल तिकडे जा. तुम्ही मला अंगणात तुळशी आणि नळाच्या मधे उभं करून शिकवलं होतंत ना, तेच. अकरा मीटरवरून मारलेल्या चेंडूला विचार करायला वेळ नसतो, पाय मात्र आधी सांगतो. बाबा, तिनं दोन अडवल्या. दुसरी तर डावीकडे खाली, बोटांच्या टोकांनी. आमच्याच तीन बाहेर गेल्या म्हणून हरलो.

तिला एकदा आमच्या बॅकनं मागे पास दिला, तेव्हा तिनं तो पायानंच लांब मारला. मला हसू आलं, कारण तुम्ही असता तर "हातात घे गं!" म्हणून ओरडला असता. आपल्याच खेळाडूनं पायानं दिलेला पास गोलीनं हातात घ्यायचा नाही, असा नियम 1992 मध्ये बदलला तरी टीव्हीपुढे तुम्ही अजून ओरडता. तुमच्या काळात गोली तो चेंडू खुशाल उचलायचा आणि पाणी प्यालेला चामड्याचा गोळा छातीशी धरायचा. त्या गोळ्यांनीच गुडघे खाल्ले तुमचे, आणि त्या कडक जमिनीनं.

हरल्यावर मुली बसमध्ये कराडपर्यंत रडल्या. कराडला चहा घेतला. मग कुणीतरी दाराशी गाणं म्हणायला सुरुवात केली आणि वाईला पोचेपर्यंत घसे बसले होते. पसरणी घाटात धुकं इतकं होतं की चालकानं गाडी रांगत आणली.

इथं धुक्याचंच राज्य आहे. जुलैत तर सकाळी सहाला एका गोलपोस्टपाशी उभं राहिलं की दुसरी दिसतच नाही. सुरुवातीला मी सराव बंद ठेवायचे. मग ठरवलं की ज्या मुलीपाशी चेंडू, तिनं ओरडत राहायचं. आता आमच्या मैदानावर नुसत्या हाका ऐकू येतात, माणूस दिसत नाही. दूधवाले काका पहिल्या दिवशी घाबरून फाटकातच थांबले. पण त्यामुळे मुली एकमेकींना हाक मारायला शिकल्या, आणि हाक मारणारा संघ निम्मी मॅच जिंकतो हे तुम्हीच म्हणायचात. जमीन जांभ्याची, त्यामुळे मोजे कायमचे विटकरी झालेत. बूट वाळवायला मुली मेसच्या चुलीमागं ओळीनं लावतात, आणि एकदा वरणाला बुटाचा वास आला म्हणून मेसच्या मावशी दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. शेवटी सगळ्यांनी मिळून त्यांना चार किलो लसूण सोलून दिला.

आणखी एक गंमत. मी मूळची कोल्हापूरची, माझ्या तोंडून "मी आलो", "मी बघतो" जातंच. पहिल्या आठवड्यात नागपूरच्या आणि दुबईच्या मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. आता सगळं हॉस्टेल तसं बोलतं. परवा दुबईच्या मुलीनं आईला फोनवर सांगितलं, "मी जेवलो." तिच्या आईनं मलाच फोन करून विचारलं की मुलीला काय झालंय.

आई, तुझी कांदा-लसूण चटणी पोचली आणि संपली. माझ्यासाठी दिली होतीस, पण रात्रीच्या भाकरीवर मी बरणी उघडली की सहा-सात ताटं पुढे येतात. पुढच्या खेपेला दुप्पट कर, तिखट थोडं कमी टाक, लहान आहेत गं.

आता जे सांगायचं ते सांगते. मी वळसे घालतेय हे तुम्हाला कळलंच असेल.

बाबांनी कोल्हापुरातल्या शाळेत माझ्यासाठी शब्द टाकला होता. तिथून फोन आला होता. मी नाही म्हटलंय. इथं आणखी दोन वर्षांची सही केली आहे, आणि या वर्षापासून मुलींच्या हॉस्टेलची वॉर्डन पण मीच आहे. सही होऊन बारा दिवस झाले. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही "तुझी मर्जी" म्हणाला असता, आणि त्या दोन शब्दांपुढे माझी मर्जी टिकत नाही.

तुमच्यापासून लांब राहायचं म्हणून नाही हे केलेलं. या मुली आत्ता नववीत आहेत. दोन वर्षं त्या एकत्र खेळतील, मग पांगतील. जतच्या पोरीला कुणी नवीन कोच मिळाला आणि तो एकदा ओरडला, तर ती पुन्हा डोळे मिटेल. सुब्रोतो कप 1960 पासून चालू आहे, बाबा. तुमच्या शाळेतून कुणी अखेरच्या फेरीला दिल्लीला गेलं नाही, माझ्याही नाही. मला एकदा या पोरींना दिल्लीत मैदानावर उतरवायचंय. आठवतं, 2017 च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला अनिकेत जाधव भारताच्या संघात होता आणि आपल्या कोल्हापूरचा पोरगा म्हणून तुम्ही टीव्हीपुढे सबंध मॅच उभ्यानं बघितलीत? कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल केला, आपण 2-1 नं हरलो, तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या फुटबॉलच्या तालमीत पेढे नेले. मला तसे पेढे वाटायचेत. मुलींसाठी.

पगार तिथल्यापेक्षा कमी नाही. वॉर्डन झाल्यामुळे राहायला दोन खोल्या आहेत, भाडं नाही, त्यामुळे बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे मी वेगळे ठेवलेत, तुम्ही एफडी मोडायची नाही. खोलीत गीझर आहे. खिडकीतून सिल्व्हर ओकची रांग दिसते. आजीची गोधडी वर, शाळेची रजई खाली, थंडी वाजत नाही. रात्री दूध मिळतं. ताप आला तर वाई घाटाखालीच आहे. एकटी नाहीये मी, आई. रात्री दहाला दार वाजतं, कुणाचं पोट दुखतं, कुणाला घरची आठवण येते, कुणाची फक्त वेणी सुटलेली असते.

गौरी-गणपतीला मी घरी येते. तीन दिवस सुट्टी मंजूर झाली आहे. आणि डिसेंबरात ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून तीन आठवडे तिथंच आहे, ते मी सही करायच्या आधीच लिहून घेतलंय.

तोवर बाबा, हे करायचं, आणि आईला रोज विचारायला लावू नका. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं, खाली घ्यायचा, सकाळ-संध्याकाळ. पलंगावर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. मांडीचा स्नायू आधीच तयार असला की नंतर उठणं सोपं जातं, हे मी पोरींच्या गुडघ्यांवरून शिकलेय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे सर्जनना स्वतः सांगा, चिठ्ठीत लिहिलंय म्हणून सोडून देऊ नका. तो किडलेला दात आधी दाखवून घ्या. लुना चालवायची नाही. कोपऱ्यापर्यंत पण नाही. आणि माडीवरून झोपायचं खाली आणा, पुढच्या आठवड्यातच.

आई, मोरीपुढचं पायपुसणं उचलून ठेव, ते सरकतं. जाजम पण गुंडाळ. तुझी साखर तपासलीस का? उपाशीपोटी आणि जेवल्यावर दोन्ही, आणि आकडे मला व्हॉट्सॲपवर पाठव, शेजारच्या ताईंच्या मुलाला सांग. श्रावणी सोमवार, शनिवार, गुरुवार असे आठवड्यातून तीन उपास यंदा नकोत. देवाला तुझी गोळी चुकलेली आवडत नाही. हे रागानं नाही लिहीत गं.

परवा रात्री जतच्या पोरीला ताप होता. तिच्या कपाळावर पट्टी ठेवली आणि माझ्या हाताला तुझ्या हाताची सवय आली, आपोआप, आधी पिळायची, मग उलटी करायची, मग कानामागं टेकवायची. ती झोपेत "आई" म्हणाली. मी "ओ" दिली. मला त्यावेळी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून, माजघरात, बाबा मॅचहून यायची वाट बघत पडायचं होतं. तू शिवाजी पेठेतली आणि बाबा मंगळवार पेठेतले, त्यामुळे ज्या दिवशी तुझ्या माहेरचा संघ जिंकायचा त्या दिवशी तू बाबांना जास्तीचं तूप वाढायचीस. ते तूप मला अजून आठवतं.

बाबा, गोलीचे हातमोजे फाटलेत. तुमचे जुने, ट्रंकेतले, पितळी कडीच्या, त्यांना बुरशी आली नसेल तर गौरीला आले की घेऊन जाते. तिच्या हाताला मोठे होतील, पण तिला ते एकदा घालू दे. तिनं विचारलंय, मॅम, टेकलेल्या पायाचं वाक्य कुणाचं? मी सांगितलंय, गौरीनंतर फोटो आणून दाखवतो. तो तालमीसमोरचा, केस मागं वळवलेला, काढून ठेवा. आई, तू हसू नको.

बसचा टाइम कळवतेच. स्टँडवर घ्यायला यायचं नाही, रिक्षा करीन.

येतो.

तुमची,
बाळी