दंड तिजोरीत, भुर्दंड रुग्णाला

महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझ्या पत्नीने एका खासगी लॅबमध्ये थायरॉइडची तपासणी केली. तिसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडच्या माणसाला तिचे नाव, वय, रिपोर्टमधला टीएसएचचा आकडासुद्धा तोंडपाठ! 'डॉक्टरांनी आणखी एक टेस्ट सांगितलीय, लिंकवर नोंदणी करा.' खात्यातून ३८ हजार गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवले म्हणून ११ हजार गोठवले गेले. लॅबवाले म्हणतात, ओटीपी तुम्हीच दिलात. दिला, कबूल. पण तिचा रिपोर्ट त्या भामट्याच्या हाती गेला कसा?

कोषागारात ३४ वर्षे काढल्याने पैसा कोणत्या शीर्षाखाली जमा होतो, हे मी आधी पाहतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड आहे. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवण्याचे बंधनही त्यात आहे. २०२२ पासून सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत कळवावे लागते, पण त्यात रुग्णाला सांगायची सक्ती नव्हती. हे पाऊल चांगलेच आहे. मात्र कलम ३४ वाचा: दंडाची सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत जाते. ज्याचे नुकसान झाले त्याला छदामही नाही.

त्याहून वाईट कलम ४४. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ४३-अ त्याने वगळले जाणार आहे. वैद्यकीय नोंदींसारखी संवेदनशील माहिती हलगर्जीपणे हाताळणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागण्याचा हक्क तेच कलम देते. ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो, दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कायद्याचे नियम अधिसूचित झाले, तेव्हापासून १८ महिन्यांनी दंडाच्या व कळवण्याच्या या तरतुदी लागू होतील आणि त्याच वेळी ४३-अ जाईल.

आमच्या खासदारांना माझी कळकळीची विनंती आहे: ४३-अ काढू देऊ नका. उलट सरकारी रुग्णालयांनाही ते लावा, कारण आज ते फक्त कंपन्या आणि व्यावसायिक संस्थांना लागू आहे; शिवाय नव्या कायद्याच्या कलम १७ खाली केंद्राला हव्या त्या सरकारी यंत्रणेला सूट देता येईल. सिव्हिलमध्ये केसपेपर काढणाऱ्या बाईची माहिती काय कमी मोलाची आहे?

४३-अ अजून लागू आहे, म्हणून पत्नीच्या नावाचा भरपाईचा अर्ज मी तयार केला आहे. सोमवारी मुंबईला पाठवतो.

– एक निवृत्त कोषागार कर्मचारी, सांगली