प्रत्येक कळ म्हणजे उसण नव्हे

महोदय,

बरगडीत कळ आली की आपल्याकडे ‘उसण भरली’ म्हणून तेल चोळून शेकतात. पण सोबत ताप-खोकला असेल आणि श्वास घेताच कळ उठत असेल, तर फुप्फुसाभोवतीच्या आवरणात जंतुसंसर्ग होऊन पाणी धरलेले असू शकते. न्यूमोनियाची औषधे 2-3 दिवस घेऊनही ताप हटत नसेल तर छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी लगेच करावी.

सुरुवातीला हे पाणी पातळ असते, छातीत घातलेल्या नळीने सहज निघते. नंतर त्यात जाळ्या धरून कप्पे पडतात आणि एक नळी सगळीकडे पोचत नाही. आणखी दोन-तीन आठवडे गेले की फुप्फुसावर जाड साल चढते, ती शस्त्रक्रियेनेच सोलावी लागते. उचल घेऊन फडावर गेलेला ऊसतोड मजूर नेमके हेच दिवस अंगावर काढतो. काढलेल्या पाण्याची क्षयासाठीही तपासणी व्हायला हवी.

पाठ थोपटून हे पाणी निघत नाही, कारण ते फुप्फुसाच्या बाहेर असते. फिजिओथेरपी लागते ती दबलेले फुप्फुस पुन्हा फुलवायला. आधी वेदनाशामक द्यावे, रुग्णाला ताठ बसवावे, नळीच्या बाजूला उशी धरून खोकायला सांगावे. स्पायरोमीटर म्हणजे श्वासाच्या व्यायामाचे, आत तीन हलके चेंडू असलेले साधन; त्यात बरेच जण फुंकर मारतात. तिथे हवा आत ओढायची असते: सावकाश, मग तीन सेकंद रोखून सोडायची. जागेपणी दर तासाला आठ-दहा वेळा, चक्कर आली तर थांबावे. झटक्यात तिन्ही चेंडू उडवण्यात काही साधत नाही. दुखते म्हणून रुग्ण नळीकडे कलून बसतो, खांदा आखडतो. लहान मुलांचा तर कणाच वाकतो. म्हणून त्या बाजूचा हात रोज डोक्यावर न्यायला लावावा.

नळी आहे म्हणून झोपून राहू नये, चालावे. नळीला जोडलेली, पाणी जमा होणारी बाटली मात्र उभी आणि कमरेखाली धरावी. छातीच्या वर गेली तर पाणी उलटे आत शिरते. काळजीपोटी नातेवाईक नळीला चिमटा लावतात. नळीतून हवा निघत असेल तर ती आत कोंडून जीव धोक्यात येतो.

मराठवाड्यातील ज्या रुग्णालयात अशी नळी टाकली जाते, तिथे पहिल्याच दिवसापासून फिजिओथेरपिस्टने रुग्णाला पाहावे आणि घरी करायचे व्यायाम डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्यावेत, ही मागणी आहे.

— फिजिओथेरपिस्ट, बीड जिल्हा