सहनिवासाच्या परवानगीबाबत नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नगरविकास मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आम्ही काही कुटुंबे मिळून सहनिवास उभारू पाहत आहोत. प्रत्येकाचे स्वयंपाकघरासह स्वतंत्र घर, आणि जिथे अधूनमधून एकत्र जेवण होईल, मुले खेळतील, पाहुणे उतरतील असे सर्वांचे एक सामायिक घर, इतकी साधी ही कल्पना आहे. तरीही प्रस्ताव अडून राहिला आहे, कारण नियमांच्या कोणत्याच रकान्यात तो बसत नाही. सामायिक घराला कोणी क्लब समजते, कोणी भोजनालय, कोणी वसतिगृह, आणि त्यानुसार वाहनतळाचे व चटईक्षेत्राचे निकषही बदलत जातात.

शेजाऱ्यांचा विरोध तर या कल्पनेच्या जन्मापासूनचा आहे. डेन्मार्कमध्ये यान गुडमन-ह्योयर या वास्तुरचनाकाराने १९६४ मध्ये मित्रकुटुंबांसह कोपनहेगनजवळ जागा घेतली, पण आसपासच्या रहिवाशांच्या विरोधामुळे तो बेत सोडावा लागला. तिथला पहिला सहनिवास मानली जाणारी सॅटेडामेन ही २७ घरांची वसाहत राहती झाली ती थेट १९७२ मध्ये.

आमच्याकडील विरोधाला मात्र आम्हीही जबाबदार आहोत, हे मान्य केले पाहिजे. सगळे नकाशे पक्के करून आम्ही शेजाऱ्यांना बोलावले. साहजिकच, ठरलेली गोष्ट ऐकवायला बोलावले आहे, असे त्यांना वाटले. नंतर आम्ही घरोघरी गेलो, तेव्हा कळले की एकत्र राहण्याला फारसा कोणाचा आक्षेप नव्हता. रात्रीचा आवाज, रस्त्यावर उभी राहणारी वाहने आणि उद्या सदस्य घरे विकून निघून गेले तर सामायिक घराचे काय होणार, हे त्यांचे प्रश्न होते. सामायिक घर त्यांच्या कुंपणापासून दूर नेल्यावर आवाजाचा मुद्दा बराचसा मिटला. सांडपाण्याच्या वाहिनीवर किती भार पडेल, या प्रश्नाला मात्र आम्ही काय उत्तर देणार? आणि दिले तरी अर्जदाराच्या शब्दावर कोणी का विश्वास ठेवावा?

म्हणून विनंती आहे की विकास नियमावलीत सहनिवासाची निवासी वापर म्हणून स्वतंत्र व्याख्या करावी व सामायिक घर हा त्याचाच पूरक भाग मानावा. तसेच अर्ज दाखल होण्यापूर्वीच, नकाशे कच्चे असताना, शेजाऱ्यांची बैठक संबंधित अभियंत्यांच्या उपस्थितीत व्हावी आणि तिचे इतिवृत्त अर्जासोबत जोडले जावे. सुनावणीतून सूट आम्हाला नको आहे. सामायिक घर बाहेरच्या समारंभांना भाड्याने न देण्याची अट परवानगीतच घातली, तर ती आम्हाला मान्य असेल. शेजाऱ्यांनी मागितलेली पहिली हमी तीच होती.

आपले नम्र,
नियोजित सहनिवासातील कुटुंबे