गुणपडताळणी म्हणजे पुनर्मूल्यांकन नव्हे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात आतल्या पानावर बारावीच्या उत्तरपत्रिकांची बातमी वाचली. रात्रभर ती डोक्यातून गेली नाही, म्हणून सकाळी उठून लिहायला बसलो. मथळ्यात ‘फेरतपासणी’, पहिल्या परिच्छेदात ‘गुणपडताळणी’, खालच्या चौकटीत ‘पुनर्मूल्यांकन’, आणि तिन्ही शब्द जणू एकाच अर्जाचे! तोच शब्द सारखा नको म्हणून बातमीदाराने ते आलटून पालटून वापरले असतील. पण गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन हे दोन निरनिराळे अर्ज आहेत, आणि ‘फेरतपासणी’ या शब्दातून नेमका कोणता भरायचा ते कोणालाच कळत नाही.

गुणपडताळणीत उत्तर बरोबर की चूक हे पाहत नाहीत. एखादे उत्तर तपासायचे राहून गेले का, आतले गुण पहिल्या पानावर नीट उतरले का, बेरीज जुळते का, एवढेच पाहतात. शाळेत आम्ही गुणाकार झाला की ताळा करायचो, तसे. परीक्षकाने चार गुणांच्या उत्तराला 1 दिला असेल तर तो 1 बेरजेत आला की नाही हे पडताळतील. एकच का दिला, हा प्रश्न तिथे येतच नाही. तो विचारायचा तर पुनर्मूल्यांकन. त्यात उत्तर पुन्हा वाचून त्याची किंमत पुन्हा ठरवतात. पण त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते आणि ती हाती आल्यापासून कामकाजाच्या 5 दिवसांत अर्ज करावा लागतो. छायाप्रत घेतली नाही तर पुढची वाटच बंद. आपल्या बातमीत छायाप्रतीचा साधा उल्लेखही नाही.

एवढे पोटतिडकीने का लिहितो ते सांगतो. 2023 साली 25 मे रोजी बारावीचा निकाल लागला. माझ्या नातीला भौतिकशास्त्राच्या लेखी परीक्षेत 70 पैकी 38 गुण. बाकीच्या विषयांत चांगले, आणि याच पेपरवर तिचा सगळ्यात जास्त भरवसा होता. दोन दिवस पोर जेवली नाही. तेव्हाही वर्तमानपत्रात हाच ‘फेरतपासणी’ शब्द वाचून मीच तिला म्हणालो, ‘बाळा, अर्ज कर, पेपर पुन्हा तपासतील.’ तिच्या कॉलेजात खिडकीवर आम्ही ‘फेरतपासणी करायची आहे’ असे सांगितले. तिथल्या माणसाने गुणपडताळणीचा अर्ज भरून दिला, विषयाचे 50 रुपये घेतले. त्याने विचारले नाही, आम्हाला विचारायचे सुचले नाही. काही आठवड्यांनी उत्तर आले, गुणांत बदल नाही. आम्ही समजलो, कोणीतरी पेपर पुन्हा वाचला आणि पोरीचेच चुकले होते. पुढे शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकेने फरक समजावून सांगितला, तोवर छायाप्रतीची मुदत संपून गेली होती. तिचे 38 योग्य होते की नव्हते, ते आता कधीच कळणार नाही. ती अजून म्हणते, ‘आजोबा, माझा पेपर दोनदा तपासला, तरी अडतीसच.’ मी सांगतो, ‘पोरी, दुसऱ्यांदा तो कोणी वाचलाच नाही.’ तिला ते पटत नाही.

मी स्वतः निफाड तालुक्यात बाजार समितीच्या आवारात 31 वर्षे मापारी होतो. हा फरक निदान मला तरी कळायला हवा होता, ही बोच मनातून जात नाही. आमचे काम मापाचे. भरलेली ट्रॉली काट्यावर, मग रिकामी ट्रॉली काट्यावर, वजाबाकी करून वजन लिहून द्यायचे. भाव लिलावात ठरे. व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन, दाबून, पत्ती बघून बोली लावायचे. एका उन्हाळ्यात चांदवडकडचा एक शेतकरी हिशेबपट्टी घेऊन माझ्याकडे आला, रागाने लाल झालेला. ‘पुन्हा वजन करा’ म्हणाला. केले. किलोचाही फरक निघाला नाही. मग बोलता बोलता कळले की त्याची तक्रार वजनाची नव्हतीच. त्याच्या चांगल्या मालात गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, आहे म्हणून भाव पाडला होता. मी त्याला म्हटले, ‘दादा, मी दहा वेळा काटा केला तरी तुमचा भाव वाढणार नाही, मालाची प्रत बघणारा माणूस वेगळा.’ हे त्याला सांगणारा मी, नातीच्या वेळी मात्र काट्यावरच जाऊन उभा राहिलो.

मापात चूक असेल तर पडताळणी हवीच. दर वर्षी काही मुलांचे गुण त्यातही वाढतात, म्हणून तो अर्ज वाया आहे असे मी म्हणत नाही. पण आपली तक्रार बेरजेबद्दल आहे की उत्तराला दिलेल्या गुणांबद्दल, हे मुलाला आधी कळले पाहिजे, आणि ते कळायला शब्द नेमका हवा.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. सीईटीच्या निकालाच्या बातमीत ‘99 टक्के मिळवणारे विद्यार्थी’ असे छापले जाते. ते टक्के नसतात, पर्सेंटाइल असते. 99 पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले 99 गुण नव्हेत, तर परीक्षेला बसलेल्यांपैकी 99 टक्के मुलांचे गुण त्या मुलाइतके किंवा त्याहून कमी आहेत. टक्के वाचून इतर मुलांचे आईबाप घरी त्यांना काय काय ऐकवतात, ते मी आमच्याच गल्लीत ऐकले आहे.

नाशिक विभागीय मंडळात नाशिकबरोबर धुळे, जळगाव आणि नंदुरबारची मुलेही येतात. त्यांच्यातल्या कितीतरी घरांत नियम सांगणारे कोणी नाही. तिथे आपल्या अंकातला शब्दच प्रमाण मानतात. अर्जाची मुदत अजून शिल्लक आहे. कृपया उद्याच्याच अंकात दुरुस्ती छापावी, गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन दोन्ही स्वतंत्र सांगावेत आणि छायाप्रत आधी घ्यायची हे ठळक अक्षरांत द्यावे. आतल्या पानावर नको, पहिल्या पानावर द्यावे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मापारी,
पंचवटी, नाशिक