परवानगी लागत नाही, नियम मात्र लागतात

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंग्लंडात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख उपयोगी आहे, पण त्यातलं एक वाक्य मला स्वस्थ बसू देईना. ‘इकडे घराच्या खिडक्या बदलायला परवानगी लागत नाही,’ असं त्यात म्हटलं आहे. याच समजुतीवर विसंबून आम्ही आमच्या मुलीच्या खोलीला चुकीची खिडकी बसवली आणि ती पाच वर्षं तशीच राहिली. म्हणून हे पत्र.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला ती झोपायची खोली. जुनी खिडकी लाकडी होती, दोन्ही झडपा बाजूला उघडणाऱ्या. खालचं लाकूड कुजलं होतं, थंडीत वारा आत यायचा. ओळखीतून मिळालेल्या माणसाने सुचवलं की खाली एकच मोठी पक्की काच घालू आणि वर हवेपुरती छोटी झडप देऊ. परवानगीचं विचारलं तर म्हणाला, प्लॅनिंग लागत नाही, निर्धास्त राहा. आम्ही राहिलो. खिडकी छान दिसत होती, खोली उजळली होती. हातात फक्त बिल आणि वॉरंटीचा कागद आला.

पाच वर्षांनी घर विकायला काढलं तेव्हा घेणाऱ्यांच्या सॉलिसिटरने, म्हणजे वकिलाने, खिडक्यांचं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं, म्हणजे बांधकामाच्या नियमांचं, प्रमाणपत्र मागितलं. आमच्याकडे ते नव्हतंच. बसवणाऱ्याचा फोन लागेना. शेवटी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, झालेलं काम मागाहून नियमित करून घेण्याचा अर्ज केला आणि एक निरीक्षक घरी आले. त्यांनी आधी ती वरची झडप पूर्ण उघडली आणि मोकळ्या जागेला टेप लावला. रुंदी ९०० मिलिमीटर, उंची २८०. टेप गुंडाळत त्यांनी विचारलं, ‘या खोलीत कोण झोपतं?’ मी म्हटलं, माझी मुलगी. ‘आणि जिन्यात धूर भरला, तर ती कुठून बाहेर पडणार?’

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी तिला आमच्या खोलीत झोपवलं.

आता ते वाक्य अर्धंच खरं का, ते सांगते. इंग्लंडात या बाबतीत दोन वेगळी दारं आहेत आणि दोन्हींशी कौन्सिलचा संबंध असल्यामुळे लोक ती एकच समजतात. पहिलं प्लॅनिंगचं. ते इमारत बाहेरून कशी दिसते, शेजाऱ्यांवर काय परिणाम होतो, हे बघतं. साध्या घराला, दिसायला जुन्यासारखीच खिडकी बसवली, तर बहुतेक वेळा वेगळा अर्ज करावा लागत नाही, कारण अशा कामाला कायद्यानेच सरसकट मोकळीक दिलेली आहे. दुसरं दार बिल्डिंग रेग्युलेशन्सचं. ते खिडकी कशी दिसते ते विचारत नाही. ती किती ऊब राखते, हवा येते का, काच फुटली तर कोणाला चिरेल का आणि आगीत माणूस तिच्यातून बाहेर पडू शकेल का, हे विचारतं. १ एप्रिल २००२ पासून खिडकी चौकटीसकट बदलण्याचं काम या नियमांखाली येतं. (जुन्या चौकटीत नुसती फुटलेली काच बदलली तर ते त्यात धरत नाहीत.) पहिलं दार उघडं असलं म्हणून दुसरं आपोआप उघडत नाही.

आगीचा मुद्दा मी जरा सविस्तर लिहिते, कारण तिथेच आम्ही चुकलो. झोपायच्या खोलीतल्या खिडकीतून सुटका करून घ्यायची, तर ती उघडल्यावर मोकळी जागा किमान ०.३३ चौरस मीटर हवी आणि रुंदी-उंची दोन्ही किमान ४५० मिलिमीटर हव्यात. इथे पुष्कळ जण फसतात. ४५० गुणिले ४५० केलं तर जेमतेम ०.२ चौरस मीटर भरतं, म्हणजे एक बाजू ४५० असेल तर दुसरी साधारण ७३५ तरी लागते. शिवाय उघडणाऱ्या भागाची खालची कड जमिनीपासून ११०० मिलिमीटरपेक्षा वर नको, नाहीतर मूल चढणार कसं? आमची झडप तर जवळजवळ छताला टेकलेली होती. जुन्या घरात खिडकी बदलताना मूळ तत्त्व असं की आधीच्या खिडकीतून बाहेर पडता येत असेल, तर नव्या खिडकीतूनही आलंच पाहिजे. आमच्या कुजक्या लाकडी खिडकीतून येत होतं. पैसे मोजून आम्ही ती वाट बंद केली होती.

हवेकडेही असंच दुर्लक्ष होतं. जुन्या चौकटींच्या फटींतून घर आपोआप श्वास घेत असतं. नवी घट्ट खिडकी आली की आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ आतच कोंडते. आमच्याकडे दुसऱ्याच हिवाळ्यात कपाटामागची भिंत काळी पडली, हात लावला तर ओली. १५ जून २०२२ पासून इंग्लंडात हे नियम कडक झाले आहेत. खिडकी बदलल्याने घरातली हवा आधीपेक्षा कोंडणार असेल, तर चौकटीत ट्रिकल व्हेंट, म्हणजे हवेची बारीक झडप, द्यावी लागते. थंडी येते म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका.

उष्णतेचा हिशोब बसवणाऱ्यावर सोडला तरी चालतो, फक्त नव्या खिडकीचं यू-मूल्य, म्हणजे तिच्यातून किती ऊब बाहेर जाते त्याचा आकडा, १.४ किंवा त्याहून कमी आहे, किंवा तिची ऊर्जा श्रेणी किमान ‘बी’ आहे, हे कागदावर बघून घ्यावं. काच जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या खाली येत असेल तर ती सुरक्षा काच हवी. तिच्या कोपऱ्यात कायमचा छाप कोरलेला असतो, वाकून पाहिलं की दिसतो.

आणि प्लॅनिंग ‘लागत नाही’ हेही सगळ्यांना लागू नाही. फ्लॅटला घरासारखी मोकळीक नाही. शिवाय खिडकीची चौकट बहुतेक वेळा इमारतीच्या मूळ मालकाची असते, म्हणून लीज, म्हणजे भाडेपट्टा, वाचल्याशिवाय हात लावू नये. वारसा जपणाऱ्या भागात कौन्सिलने आर्टिकल ४ नावाचा, ही मोकळीक काढून घेणारा आदेश काढला असेल, तर समोरची खिडकी बदलायलाही अर्ज लागतो. वरच्या मजल्यावर बाजूच्या भिंतीत खिडकी असेल, तर काच धूसर हवी आणि खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरपर्यंत ती उघडता कामा नये. घर ‘लिस्टेड’, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत असेल तर गोष्ट फारच गंभीर. तिथे संमतीशिवाय जुनी खिडकी काढणं हा फौजदारी गुन्हा आहे. कितीही वर्षांनी कारवाई होऊ शकते, आणि पूर्वीच्या मालकाने केलेला बदल दुरुस्त करण्याची नोटीस नव्या मालकालाही येऊ शकते. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडक्या मुळात दुरुस्त होतात, आतून काचेचा दुसरा पडदा बसवता येतो. त्या मोडीत काढताना पाहिल्या की मला मनापासून वाईट वाटतं. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, वेल्सचेही काही वेगळे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी आपापल्या कौन्सिलला विचारावं.

प्रमाणपत्र मिळवणं अवघड नाही. फेन्सा किंवा सर्टास या खिडक्या बसवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या योजना आहेत. अशा योजनेत नोंदलेला माणूस स्वतःच कामाची ग्वाही देतो, कौन्सिलला कळवतो आणि घरमालकाला प्रमाणपत्र येतं. नोंद नसलेल्याकडून काम करून घ्यायचं, तर सुरू करण्याआधी आपणच कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवायचं. आगाऊ रक्कम देण्याआधी नोंदणी क्रमांक मागा, तो त्या योजनेच्या यादीत स्वतः तपासा, आणि झोपायच्या प्रत्येक खोलीची खिडकी उघडून किती जागा मोकळी होते, ते मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. नियम मोडलेलं काम दुरुस्त करण्याची नोटीस आली तर ती घरमालकाच्या नावे येते, आणि २०२३ पासून अशी नोटीस काम पूर्ण झाल्यावर १० वर्षांपर्यंत येऊ शकते.

आम्ही ती खिडकी काढली. आता तिथे बाजूला पूर्ण उघडणारी झडप आहे, सुटकेसाठीच्या खास बिजागऱ्यांची. बसवल्या दिवशी मुलीला ती स्वतः उघडायला लावली. पहिल्यांदा कडी जड गेली, दुसऱ्यांदा उघडली.

आपला लेख वाचून या उन्हाळ्यात कोणीतरी इकडे खिडक्या बदलायला काढेल. ते वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
इंग्लंडस्थित एक वाचक